यीस्ट आणि ऑक्सिजन: २० लिटरच्या बिअर बॅचबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालची सगळी मापं २० लिटर वॉर्टसाठी आहेत. वॉर्ट म्हणजे माल्ट (मोड आणून वाळवलेलं धान्य) भिजवून काढलेलं, अजून न आंबवलेलं गोड पाणी. मूळ ग्रॅव्हिटी (आंबवण्याआधीची, साखरेमुळे वाढलेली घनता; पाण्याची १.०००) १.०४८, म्हणजे साधारण १२ प्लेटो (वजनात साखरेचे टक्के), धरली आहे. ग्रॅव्हिटी वेगळी असेल तर त्या प्रमाणात आकडे कमी-जास्त करावेत. हवामान ठाणे-नवी मुंबईचं धरलं आहे: मे महिन्यात नळाला कोमट पाणी, पावसाळ्यात हवेत जबरदस्त दमटपणा आणि वर्षाचे बरेच महिने खोलीत २७ ते ३२ अंश. थंड देशांतल्या पुस्तकांतली यीस्टची माहिती बरोबर असते, पण त्यातलं 'खोलीच्या तापमानाला ठेवा' इथे लागू पडत नाही.

हे घरी करायला कायद्याने परवानगी आहे का?

महाराष्ट्रात नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ नुसार परवान्याशिवाय मद्य तयार करणं गुन्हा आहे. 'विकत नाही, स्वतःपुरती करतो' असं म्हणून त्यातून सुटका होत नाही. परवाना राज्य उत्पादन शुल्क विभागाकडून घ्यावा लागतो. त्यामुळे ही माहिती परवाना असलेल्या मायक्रोब्रुअरीत चाचणीच्या छोट्या बॅच काढणाऱ्यांसाठी आहे, आणि जिथे घरी बिअर करणं कायदेशीर आहे तिथे राहणाऱ्यांसाठी. नुसतं शिकायचं असेल तर बरंच काही यीस्ट न टाकता शिकता येतं: वॉर्ट उकळून थंड करणं, त्यातला विरघळलेला ऑक्सिजन मोजणं, सूक्ष्मदर्शकाखाली पेशी मोजणं. पेशी मोजायचा हात साध्या पाण्यात भिजवलेल्या पावाच्या यीस्टवर उत्तम बसतो.

आंबवताना हवा नको म्हणतात, मग सुरुवातीला ऑक्सिजन कशाला द्यायचा?

श्वसनासाठी नाही. वॉर्टमध्ये साखर इतकी असते की ऑक्सिजन असला तरी यीस्ट आंबवण्याचाच मार्ग धरतं. ऑक्सिजन लागतो तो पेशीचं आवरण बांधायला. या आवरणात अर्गोस्टेरॉल आणि असंपृक्त मेदाम्लं असतात आणि ती तयार करायला यीस्टला ऑक्सिजन लागतोच. पेशी दुभंगली की आईकडचा साठा दोघींत वाटला जातो. दोन-तीन पिढ्यांत तो इतका कमी होतो की नवे कोंब फुटायचं थांबतं. उरलेल्या पेशींचं आवरण कमकुवत राहतं आणि शेवटी अल्कोहोल वाढल्यावर त्या तग धरत नाहीत.

म्हणून पाचव्या-सहाव्या दिवशी १.०२० वर अडकलेल्या बॅचचं कारण बहुतेक वेळा पहिल्या काही तासांत सापडतं. दिलेला ऑक्सिजन यीस्ट काही तासांतच संपवतं. त्यानंतर आत शिरलेला प्रत्येक थेंब यीस्टच्या नव्हे, बिअरच्या वाट्याला जातो.

किती द्यायचा?

साध्या एलला (उबेत आंबवलेली बिअर) ८ ते १० पीपीएम (लिटरमागे मिलिग्रॅम). लागर (थंडीत आंबवलेली बिअर) आणि १.०६५ च्या वरच्या बिअरला १० ते १२. हवेतून मिळणाऱ्या ऑक्सिजनला मर्यादा आहे. २० अंशांच्या पाण्यात हवेतला ऑक्सिजन जास्तीत जास्त ९.१ पीपीएम विरघळतो आणि ३० अंशांवर ७.५. साखरेमुळे वॉर्टमध्ये त्याहून कमी. म्हणजे मे महिन्यात ३२ अंशांचं वॉर्ट कितीही घुसळलं तरी ७ च्या पुढे सरकणार नाही. आधी थंड करणं महत्त्वाचं, ते यासाठीही.

उन्हाळ्यात कॉइलने (आतून थंड पाणी फिरणारी वळणदार नळी) वॉर्ट ३४ च्या खाली येतच नाही. काय करावं?

येणार नाहीच, कारण नळाचं पाणीच २९-३० अंश असतं. कॉइलने ३५ पर्यंत आणावं, मग नळ बंद करून बादलीत बर्फाचं पाणी घ्यावं आणि छोट्या पंपाने तेच कॉइलमधून फिरवावं. हिशेब सोपा आहे: २० लिटर वॉर्ट ३५ वरून २० वर आणायला सुमारे १२०० किलोज्यूल उष्णता काढावी लागते. एक किलो बर्फ वितळून २० अंशांपर्यंत तापेपर्यंत सुमारे ४१८ किलोज्यूल घेतो. म्हणजे कागदावर तीन किलो. प्रत्यक्षात सहा-सात किलो लागतो, कारण बादली बाहेरूनही तापते आणि बर्फाची सगळी थंडी वॉर्टपर्यंत पोहोचत नाही. लादीचा बर्फ फोडून बादलीत टाकला तर चालतो. वॉर्टमध्ये तो कधीही टाकू नये, त्यातले जंतू उकळलेले नसतात.

बर्फ नसेल तर ३५ अंशांचं वॉर्ट निर्जंतुक फर्मेंटरमध्ये (आंबवण्याचा डबा) भरून, झाकण घट्ट लावून रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावं आणि सकाळी १८ वर आल्यावर यीस्ट टाकावं. हा मार्ग सुरक्षित आहे, मात्र फर्मेंटरची स्वच्छता पक्की हवी. ऑक्सिजन सकाळीच द्यावा. रात्री देऊन ठेवला तर यीस्टआधी जंगली जंतूंना त्याचा फायदा मिळतो.

गरम वॉर्टमध्ये यीस्ट टाकून 'रात्रीत फ्रिज थंड करेल' असं समजणं ही इथली सर्वांत महागात पडणारी चूक आहे. पहिल्या १२ तासांत यीस्ट ३२ अंशांवर वाढलं की फ्यूजेल म्हणजे जड प्रकारची अल्कोहोल तयार होतात. ती नंतर निघत नाहीत. घशाला लागणारी जळजळ आणि दुसऱ्या दिवशीची डोकेदुखी त्यांच्याकडूनच येते, असं अनेक ब्रुअर मानतात. जळजळीबद्दल तर शंका नाही.

ऑक्सिजन द्यायची पद्धत कोणती चांगली?

तीन पद्धती आहेत. फर्मेंटर हलवणं फुकट आहे, पण २० लिटरचा भरलेला डबा पाच मिनिटं नेटाने हलवूनही दर वेळी तोच आकडा येत नाही. कोरडं यीस्ट वापरणाऱ्याला तेवढं पुरतं.

माशांच्या टाकीचा पंप बरा. पंप आणि स्टोनच्या (वॉर्टमध्ये बारीक बुडबुडे सोडणारा सच्छिद्र तुकडा) मध्ये ०.२ मायक्रॉनचा फिल्टर हवाच, नाहीतर खोलीतली धूळ आणि बुरशी थेट वॉर्टमध्ये जाते. २० ते ३० मिनिटं चालवावा. फेस फार येतो, म्हणून फर्मेंटरमध्ये चौथा हिस्सा जागा रिकामी ठेवावी.

शुद्ध ऑक्सिजन आणि ०.५ मायक्रॉनचा स्टेनलेस स्टोन ही आमच्या मते एकमेव पद्धत आहे जी पुन्हा पुन्हा सारखा निकाल देते. स्टोन १० मिनिटं पाण्यात उकळावा आणि बोटांनी धरू नये, कारण त्वचेचं तेल बारीक छिद्रांत बसतं. नळी जोडून आधी ऑक्सिजन थोडा सुरू करावा, मगच स्टोन बुडवावा, म्हणजे वॉर्ट छिद्रांत शिरत नाही. स्टोन तळाशी नेऊन मिनिटाला १ लिटर प्रवाहाने ६० सेकंद द्यावा. त्यातून साधारण ८ ते १० पीपीएम मिळतात. लागरला ७५ ते ९० सेकंद. पृष्ठभागावर मोठे बुडबुडे फुटत असतील तर प्रवाह जास्त आहे आणि ऑक्सिजन वाया जातोय. नीट चाललंय तेव्हा वर फक्त दुधाळ, बारीक फेस दिसतो. झाल्यावर ऑक्सिजन चालू असतानाच स्टोन बाहेर काढावा, गरम पाण्यात धुवावा आणि पुन्हा उकळून वाळवावा.

ऑक्सिजनच्या रेग्युलेटरला, धाग्यांना किंवा नळीला तेल, ग्रीस, व्हॅसलीन काहीही लावू नये. दाबाखालच्या ऑक्सिजनमध्ये ते पेट घेतं. शेगडी विझलेली हवी, सिलिंडर उभा आणि साखळीने बांधलेला हवा.

जास्त ऑक्सिजन झाला तर?

हवेने होऊच शकत नाही. शुद्ध ऑक्सिजनने होतो. २० पीपीएमच्या वर गेलं की यीस्ट भराभर वाढतं, साखरेचा मोठा वाटा नव्या पेशींत जातो, फ्यूजेल वाढतात आणि फळांचा सुगंध देणारे एस्टर कमी पडतात. उलट ऑक्सिजन कमी पडला की एस्टर वाढतात. गव्हाची बिअर करणारे काही जण हे जाणूनबुजून वापरतात, पण आधी ८ पीपीएमवर चार बॅच सारख्या यायला लागल्याशिवाय या वाटेला जाऊ नये.

कोरड्या यीस्टला ऑक्सिजन लागतो का?

पहिल्या वापराला जवळजवळ नाही. कारखान्यात ते भरपूर हवेत वाढवलेलं असतं आणि स्टेरॉलचा साठा घेऊनच पाकिटात येतं. म्हणूनच कोरड्या यीस्टचा स्टार्टर (थोड्या वॉर्टमध्ये यीस्ट आधी वाढवणं) करू नये, साठा त्यातच खर्च होतो. पण त्याच बॅचचा तळाशी बसलेला यीस्टचा गाळ पुढच्या बॅचला वापरला की पूर्ण ऑक्सिजन द्यावा लागतो. पहिली बॅच छान झाली आणि दुसरी अडकली, अशी तक्रार आली की आधी हेच तपासावं.

पाकीट कडक असावं. मऊ झालेलं, हवा शिरलेलं पाकीट वापरू नये. उन्हाळ्यात कुरिअरच्या गाडीत दोन दिवस तापलेलं पाकीट दिसायला चांगलं असतं, पण त्यातल्या बऱ्याच पेशी मेलेल्या असू शकतात. एप्रिल-मेसाठीचा साठा फेब्रुवारीतच मागवून ४ अंशांवर ठेवावा.

यीस्ट किती टाकायचं?

कोरडं एल यीस्ट १० ते १६ ग्रॅम, म्हणजे ११.५ ग्रॅमचं एक पाकीट. लागरला १६ ते २४ ग्रॅम, म्हणजे दोन पाकिटं. भिजवून टाकायचं असेल तर यीस्टच्या दहापट उकळून गार केलेलं पाणी घ्यावं, २५ ते ३० अंशांवर. पृष्ठभागावर यीस्ट भुरभुरावं, १५ मिनिटं तसंच ठेवावं, मग हळू ढवळावं. भिजवलेलं यीस्ट आणि वॉर्ट यांत १० अंशांहून जास्त फरक नसावा.

द्रव यीस्ट किंवा गाळ असेल तर पेशींचा हिशेब करावा. एलसाठी दर मिलिलिटरला, दर प्लेटोला ७.५ लाख पेशी. लागरला दुप्पट. आपल्या बॅचला म्हणजे एलसाठी १८० अब्ज, लागरसाठी ३६० अब्ज.

गाळातल्या पेशी कशा मोजायच्या?

पॅथॉलॉजी लॅबला सामान पुरवणाऱ्यांकडे न्यूबावर चेंबर (पेशी मोजायची, चौकोन आखलेली काच) मिळतं, ४०० पट मोठं दाखवणारा साधा सूक्ष्मदर्शक पुरतो. गाळ हलवून एकजीव करावा आणि २०० पट पातळ करावा. शेवटच्या टप्प्यात ०.०१ टक्का मेथिलीन ब्लू समप्रमाणात मिसळावा आणि तेही या २०० पटीतच धरावं. एक-दोन मिनिटांत मेलेल्या पेशी गडद निळ्या दिसतात, जिवंत पेशी रंग टिकू देत नाहीत. मधल्या २५ चौकोनांपैकी चार कोपऱ्यांचे आणि मधला एक असे पाच मोजावेत. पाचांत मिळून १२० पेशी आल्या तर १२० गुणिले ५ गुणिले १०,००० गुणिले २००, म्हणजे मिलिलिटरला १.२ अब्ज. त्यातल्या १२ निळ्या असतील तर जिवंत ९० टक्के, म्हणजे १.०८ अब्ज. एलसाठी लागणारे १८० अब्ज या गाळाच्या सुमारे १६७ मिलिलिटरमध्ये मिळतात.

निळ्या पेशी २० टक्क्यांच्या वर गेल्या तर तो गाळ टाकून द्यावा. 'जास्त घालू' हा उपाय नाही, मेलेल्या पेशींचा माल बिअरमध्ये उतरतो आणि मांसाच्या अर्कासारखी चव येते.

सूक्ष्मदर्शक नसेल तर घट्ट बसलेल्या ताज्या गाळात मिलिलिटरला १ अब्ज धरून २०० मिलिलिटर टाकावा आणि दोन आठवड्यांपेक्षा जुना गाळ वापरू नये.

द्रव यीस्टचा स्टार्टर कसा करायचा?

१०० ग्रॅम कोरडा माल्ट एक्स्ट्रॅक्ट घेऊन एकूण १ लिटर करावा, १० मिनिटं उकळावा, २५ अंशांवर आणावा. यीस्ट टाकून मॅग्नेटिक स्टिररवर २४ तास. तोंडावर फॉइल सैल बसवावी, एअरलॉक (आतला वायू बाहेर जाऊ देणारी पाण्याची झडप) लावू नये. इथे हवा आत यायलाच हवी. मग एक दिवस फ्रिजमध्ये, वरचं पाणी ओतून टाकून खालचा थर वापरावा.

खोलीत ३० अंश आहे. फ्रिज नसेल तर ओलं फडकं आणि पंखा चालेल का?

कोरड्या हवेत चालतं, आपल्याकडे फारसं नाही. एप्रिलमध्ये दोन-तीन अंश मिळतील, जुलैत बाष्पीभवनच होत नाही. शिवाय आंबवण्याच्या जोरात वॉर्ट बाहेरच्यापेक्षा ३ ते ५ अंश जास्त तापतं, म्हणजे खोलीत ३० असेल तर आत ३४.

जुना एकदारी फ्रिज आणि बाहेरून लावायचा थर्मोस्टॅट कंट्रोलर हीच पहिली गुंतवणूक असावी, ऑक्सिजनच्याही आधी. प्रोब हवेत लोंबकळत ठेवू नये. फर्मेंटरच्या अंगाला, द्रवाच्या पातळीखाली चिकटवून वर थर्माकोलचा तुकडा बांधावा. एलसाठी १८ अंश, फरक ०.५ ते १ अंश आणि कॉम्प्रेसर पुन्हा सुरू व्हायला किमान ५ मिनिटांचा विलंब. लाइट गेली तर दार उघडू नये. २० लिटर द्रव सावकाश तापतं, दोन-तीन तासांनी फारसं बिघडत नाही. पहिल्या ७२ तासांत मात्र गोठवलेल्या बाटल्या तयार ठेवाव्यात.

फ्रिज नसेलच तर फर्मेंटर पाण्याच्या टबात ठेवून एक लिटरच्या दोन गोठवलेल्या बाटल्या दर आठ-दहा तासांनी बदलाव्यात. पाण्यात थर्मामीटर ठेवून २०-२१ राखावं. पहिले तीन दिवस हे नेटाने करावं लागतं.

थंड करायचंच नसेल तर कोणतं यीस्ट?

क्वाइक. नॉर्वेच्या शेतघरांतलं हे यीस्ट ३५ ते ४० अंशांतही स्वच्छ आंबवतं, व्हॉस (Voss) जातीचं कोरडं पाकीट मिळतं. चव संत्र्याच्या सालीकडे झुकते. ते वेगाने चालतं म्हणून पोषणाची मागणी जास्त असते. कमी ग्रॅव्हिटीच्या वॉर्टमध्ये यीस्ट न्यूट्रियंट नक्की घालावा. सेझॉन (बेल्जियन ढंगाची बिअर) यीस्ट २५ ते ३० अंशांत चालतं. नव्याने सुरुवात करणाऱ्याने मे महिन्यात अमेरिकन एलशी झगडण्यापेक्षा क्वाइक घ्यावं.

एअरलॉक बुडबुडत नाही. बंद पडलं का?

बहुतेक वेळा झाकण गळतं. एअरलॉक हे मोजमापाचं साधन नाही. हायड्रोमीटरने (ग्रॅव्हिटी मोजणारी तरंगती नळी) बघावं.

ग्रॅव्हिटी १.०२० वर थांबली आहे. आता ऑक्सिजन द्यावा का?

अजिबात नाही. आधी मोजमाप तपासावं. रिफ्रॅक्टोमीटरला (प्रकाश किती वाकतो त्यावरून साखर मोजणारं साधन) अल्कोहोलमुळे चुकीचा आकडा दिसतो. १२ ब्रिक्सने (प्लेटोसारखंच साखरेचं माप) सुरू झालेली आणि खरोखर १.०१० वर संपलेली बिअर त्याच्यावर ६ ब्रिक्सच्या आसपास दिसते आणि तो आकडा तसाच ग्रॅव्हिटीत बदलला तर १.०२४ वाटतो. हायड्रोमीटरही बहुतेक वेळा २० अंशांना आखलेला असतो, नमुना त्या तापमानाला आणूनच वाचावा.

खरंच थांबली असेल तर तापमान २१-२२ वर न्यावं, झाकण न उघडता फर्मेंटर गोल हलवून तळाचं यीस्ट उठवावं आणि तीन दिवस थांबावं. हलली नाही तर अर्धा लिटर स्टार्टर करून तो फेसाच्या ऐन भरात असताना ओतावा. कोरडं यीस्ट थेट भुरभुरून उपयोग होत नाही, अल्कोहोलमध्ये ते झोपून जातं.

वॉर्टच मुळात तिथपर्यंत जाणारं होतं का, हे कळायला दर बॅचला ३०० मिलिलिटर वॉर्ट बाजूला काढून त्यात भरपूर यीस्ट टाकावं आणि खोलीतच ठेवून अधूनमधून हलवावं. आपल्या गरमीत दोन दिवसांत ते शेवटच्या आकड्यावर येतं. तो १.०१८ असेल तर दोष मॅशच्या (माल्ट गरम पाण्यात भिजवण्याच्या) तापमानाचा, यीस्टचा नाही.

१.०८० च्या वरच्या बिअरला दुसऱ्यांदा ऑक्सिजन देतात ते कधी?

यीस्ट टाकल्यानंतर १२ तासांनी, ३० ते ४५ सेकंद. १८ तासांनंतर देऊ नये.

लोण्याचा वास येतो. ऑक्सिजनशी संबंध आहे का?

हो. यीस्ट वाढताना अल्फा-ॲसिटोलॅक्टेट बाहेर टाकतं, त्याचं डायअसिटिल (लोण्याच्या वासाचं रसायन) होतं आणि ते यीस्टच पुन्हा शोषून घेतं. बिअर लवकर थंड केली तर हे शोषणं अर्धवट राहतं. उरलेल्या ॲसिटोलॅक्टेटला भरताना ऑक्सिजन मिळाला की वास बाटलीत उगवतो. म्हणून चव बघून फसायला होतं. चाचणी अशी: झाकलेल्या ग्लासात नमुना घेऊन ६० ते ६५ अंशांच्या पाण्यात २० ते ३० मिनिटं ठेवावा, गार करावा, न तापवलेल्या नमुन्याशेजारी धरून हुंगावा. बटर पॉपकॉर्नचा वास आला तर थंड करायची वेळ झालेली नाही. लागर तीन चतुर्थांश आंबली की तापमान १६ ते १८ वर नेऊन दोन-तीन दिवस ठेवावं आणि ही चाचणी साफ आल्यावरच खाली आणावं.

सडक्या अंड्याचा वास?

लागरमध्ये पहिल्या आठवड्यात चालतो, जातो. एलमध्ये टिकून राहिला तर झिंक कमी असण्याची शक्यता असते. उकळीच्या शेवटच्या दहा मिनिटांत १८ मिलिग्रॅम झिंक सल्फेट हेप्टाहायड्रेट पुरतं. इतकं बारीक वजन काट्यावर होत नाही, म्हणून १.८ ग्रॅम १ लिटर पाण्यात विरघळवून त्यातलं १० मिलिलिटर घ्यावं.

आंबवणं संपल्यावर ऑक्सिजन नेमका कुठून शिरतो?

सर्वांत मोठी वाट थंड करताना उघडते. फर्मेंटर २० वरून २ अंशांवर आला की वरचा वायू आकसतो आणि कार्बन डायऑक्साइड बिअरमध्ये जास्त विरघळतो. पाच लिटर जागा रिकामी असेल तर नुसत्या आकसण्याने सुमारे ३०० मिलिलिटर हवा एअरलॉकमधून आत ओढली जाते. त्याआधी एअरलॉक काढून कार्बन डायऑक्साइडने भरलेली फॉइलची पिशवी जोडावी.

दुसरी वाट केगची (बिअर साठवायचं धातूचं पिंप). रिकाम्या केगला कार्बन डायऑक्साइडचा २ बार दाब देऊन सोडला की आतल्या हवेचा तिसरा हिस्सा उरतो. पाच वेळा केलं तर ऑक्सिजन २१ टक्क्यांवरून ०.०९ टक्क्याच्या खाली येतो. हॉपी बिअरला (हॉप्स या सुगंधी फुलांचा वास ठळक असलेली) यापेक्षा चांगला मार्ग म्हणजे केग जंतुनाशक द्रावणाने काठोकाठ भरून तो कार्बन डायऑक्साइडने ढकलून बाहेर काढणं. बिअर तळाच्या नळीतून भरावी. हे न केलेली धुकट आयपीए (भरपूर हॉप्सची एल) दोन-तीन आठवड्यांत तांबूस-करडी पडते आणि हॉप्सचा सुगंध जातो. ड्राय हॉप्स (न उकळता थेट फर्मेंटरमध्ये टाकायचे हॉप्स) ग्रॅव्हिटीचे दोन-तीन अंक शिल्लक असताना टाकावेत, म्हणजे त्यांच्याबरोबर शिरलेला ऑक्सिजन यीस्ट संपवतं.

बाटलीत भरताना?

ग्रॅव्हिटी तीन दिवस स्थिर असल्याशिवाय भरू नये, बाटल्या फुटतात आणि काचा लागतात. १२० ग्रॅम साखर २०० मिलिलिटर पाण्यात उकळून, गार करून मिसळावी. नळी बाटलीच्या तळापर्यंत न्यावी, वर ३ सेंटिमीटर जागा ठेवावी. आपल्या खोलीत आठ-दहा दिवसांत वायू भरतो. त्यानंतर बाहेर ठेवू नयेत: दर १० अंशांना बिअर शिळी होण्याचा वेग दुप्पट-तिप्पट होतो, पुठ्ठ्यासारखी चव त्यातूनच येते.

एकच यीस्ट किती वेळा वापरता येतं?

स्वच्छता चांगली असेल तर पाच-सहा पिढ्या. हलक्या बिअरचा गाळ जड बिअरला द्यावा, उलट नाही, कारण जास्त अल्कोहोलमध्ये राहिलेलं यीस्ट थकलेलं असतं. गाळ १ ते ४ अंशांवर, झाकण सैल ठेवून साठवावा. आंबट वास आला की थांबावं. १८८३ मध्ये कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत एमिल हान्सेन यांनी एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं, ते याच भेसळीच्या प्रश्नावरचं उत्तर होतं. आजही नवं पाकीट उघडणं हाच सर्वांत स्वस्त इलाज आहे.

डीओ मीटर (विरघळलेला ऑक्सिजन मोजणारा) घ्यावा का?

शुद्ध ऑक्सिजन वापरत असाल तर एकदा तरी मिळवावा. मत्स्यपालनातला पीपीएम दाखवणारा मीटर चालतो. आधी ३० अंशांच्या, पंपाने चांगल्या हवा दिलेल्या पाण्यात बघावा, ७.५ च्या आसपास दाखवायला हवा. वॉर्टमध्ये मापायचं ते यीस्ट टाकण्याआधी, नंतर आकडा लगेच घसरतो. ४५, ६० आणि ९० सेकंदांना आपल्या स्टोनवर किती मिळतं ते एकदा लिहून ठेवलं की पुढे घड्याळ पुरतं. भरलेल्या बिअरसाठी हा मीटर उपयोगाचा नाही. तिथे हिशेब पीपीबीमध्ये (पीपीएमचा हजारावा भाग) असतो आणि ५० पीपीबी म्हणजे त्याच्या काट्यावर शून्यच.